मंगळवारी टेम्पो कुणाच्या हातात होता

१

आमच्या टेम्पोनं एका बाईच्या खुब्याचं हाड मोडलं, हे मला घरातल्या कुणी सांगितलं नाही. हवालदारानं सांगितलं, तेही बुधवारी भट्टीपुढं उभं राहून, गिऱ्हाइकांच्या देखत.

पिरंगुटच्या बाजारात आमची बेकरी आहे. नवरा गेल्यापासून सात वर्षं ती मी एकटी चालवते. दुकान माझ्या नावावर, भट्टी माझ्या नावावर, टेम्पो माझ्या नावावर. दोन मुलगे आहेत, पण कागदावर मी कुणाला शिरू दिलं नाही. बाजारात सगळे मला फहमिदाचाची म्हणतात आणि उधारी मागायला माझ्या मुलांकडं जातात, माझ्याकडं येत नाहीत. यावरून काय ते समजा.

हवालदार म्हणाला, गाडी तुमच्या नावावर आहे, म्हणून नोटीस तुमच्या नावाची. मी थोरल्याला, नसीरला हाक मारली आणि कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो तसाच बायकोकडं सरकवला.

"तू वाच. माझे हात पिठाचे हायेत."

त्याची बायको जस्मीन बारावी शिकलेली. तिनं खाली मान घालून वाचलं. मंगळवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास घोटावड्याच्या रस्त्यावर या नंबरच्या टेम्पोनं भाजी विकणाऱ्या सगुणाबाई या महिलेला धडक दिली. चालक तिला तशीच टाकून निघून गेला. मोटार वाहन कायदा, कलम एकशे तेहेतीस. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं त्याचं नाव, पत्ता आणि लायसन नंबर मालकानं शुक्रवारपर्यंत चौकीत लिहून द्यावा. न दिल्यास मालकावरच गुन्हा.

मला हसू आलं. आमचा टेम्पो त्या रस्त्याला जातच नाही. तो रोज सकाळी पौड आणि पुढं मुळशीला जातो, नसीर घेऊन जातो. रिसॉर्टवाल्यांशी इंग्रजीत बोलायला माणूस लागतो म्हणून दिवाळीपासून जस्मीनही त्याच्या शेजारी बसून जाते. घोटावड्याच्या कारखान्याच्या कँटीनचे दोन क्रेट आमचा नोकर एकनाथ मोटारसायकलवर नेतो. ही वाटणी नसीरनंच वर्षभरापूर्वी करून दिली.

मी म्हणाले, नंबर चुकला असेल तुमचा.

हवालदारानं नोटिशीच्या मागं टाचलेला फोटो उलटून दाखवला. कुठल्यातरी गेटवरच्या कॅमेऱ्यानं मागून घेतलेला. नंबर आमचा. जाळीचं दार आमचं. दारावरचं बेकरीचं नाव मी स्वतः उभं राहून रंगवून घेतलेलं.

"चुकला न्हाई, चाची," तो म्हणाला. "आन् ती बाई म्हणती, डायव्हर प्यायलेला व्हता."

 आमच्या घरात पिणारा एकच आहे, आणि ते सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.

२

धाकट्याचं नाव रईस. एकतीस वर्षांचा झाला तरी सकाळ त्याला अजून भेटलेली नाही.

मंगळवारी काय झालं ते मला आठवत होतं. एकनाथला ताप होता, तो आला नाही. मला लाकडाच्या वखारीत जायचं होतं. निघताना मी रईसच्या खोलीचं दार वाजवून सांगितलं, कँटीनचे दोन क्रेट मोटारसायकलवर तू घेऊन जा. आतून व्हय असा आवाज आला. जस्मीनला बजावलं, काहीही झालं तरी घोटावड्याचा पाव वेळेवर पोचला पाहिजे, एकोणतीस वर्षांत माझ्या भट्टीचा पाव कुणाला चुकलेला नाही. नऊ वाजता परत आले तेव्हा क्रेट गेलेले होते, टेम्पो गेलेला होता. मी काही विचारलं नाही. काम झालं की मी विचारत नसते.

आता तिघांनाही समोर बसवलं. रईस म्हणाला, मोटारसायकलवर गेलो, क्रेट दिले, आलो. टेम्पोला हात लावला नाही. नसीर म्हणाला, मी मुळशीला होतो. जस्मीन म्हणाली, त्या दिवशी डोकं दुखत होतं, मी घरात पडून होते. एका पत्र्यातून काढलेल्या लादीसारखी तिन्ही उत्तरं, एका मापाची, एका भाजणीची. पत्र्यातले पाव सारखे असतात. माणसं खरं बोलत असली तर इतकी सारखी नसतात.

ते गेल्यावर मी फोटो घेऊन उजेडात बसले. वाचायला मला वेळ लागतो, पण पावाचा क्रेट मी दुरून ओळखते. आमच्याकडं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या क्रेटला वेगळ्या रंगाची पट्टी आहे. मुळशीच्या रिसॉर्टची हिरवी, पौडच्या हॉटेलाची पिवळी, घोटावड्याच्या कँटीनची लाल. टेम्पो भरताना ज्याचा माल शेवटी उतरायचा तो आधी चढवायचा. म्हणजे हिरवे सगळ्यात आत, पिवळे दाराशी. घोटावड्याला आधी जायचं असेल तर लाल दाराशी हवेत, नाहीतर कँटीनपुढं अख्खा टेम्पो रिकामा करावा लागेल.

फोटोत जाळीच्या दाराशी पिवळे क्रेट होते. लाल कुठंच नव्हता.

म्हणजे टेम्पो मुळशीसाठी भरून तयार होता. घोटावड्याचं ठरलं ते मागाहून. लाल क्रेट पुढं, बसायच्या जागेत टाकले असणार. भरलेला टेम्पो दारात उभा आहे, मोटारसायकल काढायचा कंटाळा आलाय, मग क्रेट पुढं फेकून तोच घेऊन जायचा, असला आळशी डोक्याचा माणूस माझ्या घरात कोण, ते मला पंचांग उघडून बघायची गरज नव्हती.

मी रईसला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात एकनाथ दारात आला. चप्पल बाहेर काढली, हात बांधले.

"चाची, माजं नाव लिवा. मंगळवारी टेम्पो माज्या हातात व्हता."

३

एकनाथ आमच्याकडं नऊ वर्षं आहे. लायसन चोख आहे, आजवर एकदाही दंड नाही. गावात वकिली करणाऱ्या निरंजननं आदल्या दिवशीच रईसला सुचवलं होतं म्हणे, की असा एक माणूस पुढं केला की संध्याकाळपर्यंत जामीन होतो आणि घर मोकळं राहतं. ते मला त्या वेळी माहीत नव्हतं, पण एकनाथच्या तोंडाकडं बघून कळलं. तापातून उठलेल्या माणसाच्या ओठावर फोड येतात, त्याच्या ओठावर तीन होते.

मी त्याला बस म्हटलं. चहा मागवला. म्हटलं, ताप होता ना तुला?

म्हणाला, सकाळी उतरला, मग आलो. मोटारसायकल चालू होईना, म्हणून टेम्पो काढला. रस्त्यात बाई आडवी आली. घाबरलो, पळालो. सगळं भरभर सांगितलं.

"लाल क्रेट कुटं ठेवले व्हतेस?"

"मागं, दाराशी. पैले तेच उतरायचे, मग दुसरीकडं कुटं ठेवनार?"

नऊ वर्षांची सवय आहे ही. खोटं बोलतानासुद्धा त्याच्या हातानं माल नीटच लावला. मी फोटो त्याच्यापुढं ठेवला आणि पिवळ्या पट्टीवर बोट टेकवलं. त्यानं पाहिलं. चहा तसाच खाली ठेवला.

कुणी पाठवलं तुला, असं मी तीनदा विचारलं. तो एवढंच म्हणाला की नसीरभाईनं त्याला गाडी शिकवली, अन्न मिळवून दिलं. मी म्हणाले, अन्न मी दिलं, नसीरनं नाही. त्यावर तो उठला, चप्पल घातली, आणि पायरीवरून म्हणाला, "वयनी रडत आल्या व्हत्या घरी. बाईमाणूस दारात रडतंय, तर मी काय करू?"

वहिनी म्हणजे जस्मीन. रईसला वाचवायला जस्मीन रडेल, हे काही माझ्या गळी उतरेना. लग्न होऊन आल्यापासून तिनं दिराला गरम चपाती कधी वाढलेली नाही. तो पिऊन आला की ती दाराची कडी काढत नाही, मी काढते.

मग ती रडली कुणासाठी?

४

गुरुवारी सकाळी मी रईसची चादर ओढली. म्हटलं, उद्या चौकीत तुझं नाव लिहून देणार आहे. एकनाथला पुढं करून सुटशील असं वाटलं होतं का तुला?

तो उठून बसला. मला वाटलं पाया पडेल. तो हसला.

"लिव. तुला तेच पायजे. घरात काय बी मोडलं की माजंच नाव."

"मग सांग ना, कुणाचं लिहू."

तो भिंतीकडं वळला. मग सांगितलं, ते असं. मंगळवारी तो उठलाच नाही. माझ्या हाकेला व्हय म्हणाला आणि कूस बदलली. पावणेसातला जस्मीन दारात येऊन म्हणाली, भाऊजी, उठा, कँटीनचा पाव राहिलाय, अम्मा येऊन जीव घेतील. हा आतून म्हणाला, टेम्पोत टाका आणि जाता जाता देऊन या. मोटारसायकलवर गेलो हे त्यानं मला खोटं सांगितलं, कारण झोपलो होतो म्हणून सांगितलं असतं तर मी त्याला चार लोकांत सोलून काढला असता.

ते खरं आहे. काढला असता.

"मग टेम्पो कोण चालवत व्हतं?"

"रोज कोण चालवतं, अम्मा?"

"नसीर पीत न्हाई."

"न्हाई पीत."

"ती बाई म्हणती डायव्हर प्यायलेला व्हता."

रईसनं चादर घडी केली. त्याच्या उभ्या आयुष्यात मी त्याला चादर घडी करताना पाहिलं नव्हतं. "मग त्या बाईलाच जाऊन इचार," तो म्हणाला. "आमी सांगून तुला कदी पटलंय?"

नसीर नमाजी माणूस. वेलची खातो तीसुद्धा कधीतरी. त्याला कुणी प्यायलेला म्हणावं, तर दोनच गोष्टी. एक तर ती बाई खोटारडी. नाहीतर तिनं पाहिलं एक आणि समजली दुसरंच.

मी बुरखा घातला आणि पौडची बस धरली.

५

दवाखान्यात सगुणाबाई खिडकीशी होती. पायाला वजन बांधलेलं. माझ्याच वयाची, हाताला मेथीचा हिरवा डाग अजून तसाच. मी माझं नाव सांगितलं आणि म्हणाले, टेम्पो माझा आहे.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग पाव आणलास का न्हाई?"

मी मान खाली घातली. बाजारात माझ्याशी असं बोलायची कुणाची छाती नाही. पण तिचा पाय टांगलेला होता, आणि मी रिकाम्या हातानं गेले होते.

मी विचारलं आणि तिनं सांगितलं. ती पाटी डोक्यावर घेऊन कडेकडेनं चालली होती. टेम्पो हळू येत होता, पळत नव्हता. आतून एक बाई ओरडत होती, उजवीकडं घ्या, उजवीकडं घ्या. आणि टेम्पो सरळ अंगावर आला. ब्रेक लागला तो धडकल्यावर.

"मग पळाला?"

"न्हाई गं. उतरला की. तेच तर सांगते, लई प्यालेला. माज्यापुढं दोन हातावर हुबा, आन् मलाच इचारतोय, कुटं हाईस माय, कुटं लागलंय. मी खाली पडलीये, कन्हतीये, आन् हा तिकडं शेवग्याच्या झाडाकडं तोंड करून इचारतोय."

 मी विचारलं, दारूचा वास आला का?

ती आठवू लागली. कपाळाला आठी घातली.

"न्हाई," ती म्हणाली, जणू तिलाच पहिल्यांदा उमगलं. "वास न्हवता. गरम पावाचा व्हता फकस्त." आणि मग, "ती बाई उतरली, त्याचं मनगट धरलं, आन् त्याला फिरवून परत गाडीत बसवलं. हँडलापाशीच बसवलं. मला म्हनाली, माफ करा मावशी, माफ करा, आन् गेली. गेली ती गेलीच. कारखान्याच्या बसमधली पोरं मला घेऊन आली."

मी उठले. तिनं माझा बुरखा धरला.

"केसबिस तुमचं तुमी बगा. मला त्याला एकच इचारायचंय. दोघं व्हता तुमी, मला उचलून कडंला ठिवायला काय जात व्हतं?"

बस येईपर्यंत मी फाट्यावर उभी राहिले. बसायला जागा होती, पण बसले नाही. नसीर चालायला लागल्यापासून मी त्याला पाहत आले, आणि तो कुठं बघतोय हे मला परक्या बाईनं सांगावं.

पण अजून माझी खात्री नव्हती. खरं सांगायचं तर मला खात्री नको होती. म्हणून मी ते केलं, जे आईनं करू नये.

६

दुपारचा दुसरा घाणा उतरला होता. जस्मीन मागं पत्रे धूत होती. नसीर त्याच्या नेहमीच्या स्टुलावर बसला होता. आता लक्षात आलं, ते स्टूल वर्षभर जागचं हललेलं नव्हतं. कुणी हलवलं की तो चिडायचा.

मी विजेचं बिल घेतलं. नोटिशीसारखी चौघडी घातली आणि त्याच्या हातात दिलं.

"नसीर, उद्या शुक्रवार. नोटीस एकदा परत वाच. मला नीट ऐकू दे काय लिहिलंय ते."

त्यानं कान देऊन आजूबाजूचा अंदाज घेतला. हात झटकले, घडी उघडली, कागद नाकासमोर धरला. आणि वाचायला लागला.

मंगळवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास घोटावड्याच्या रस्त्यावर. या नंबरचा टेम्पो. सगुणाबाई या महिलेला धडक. मोटार वाहन कायदा, कलम एकशे तेहेतीस. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. जस्मीननं एकदा वाचलं होतं तेवढ्यावर त्यानं सगळं पाठ केलं होतं, कधी ना कधी मी विचारीन म्हणून.

मला त्याला अर्ध्यात थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. मी ऐकत राहिले, आणि त्याच्या हातात विजेचं बिल होतं, आणि ते उलटं होतं.

जस्मीन दारात आली. तिनं बिल पाहिलं, मग मला पाहिलं.

"बास करा," ती त्याला म्हणाली. "अम्मांना कळलंय."

तो थांबला. कागदावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. बिल जाड असतं, नोटीस पातळ होती. त्यानं ते हळूच मांडीवर ठेवलं.

मग जस्मीननं सांगितलं. त्याच्या वडिलांसारखंच झालं होतं, साखरेनं डोळे खाल्ले. उजवा आधीच गेला होता. डाव्याला कडेकडेचं दिसायचं, मग तेही धुरकटलं. पौड-मुळशीचा रस्ता त्याला तोंडपाठ होता. कुठं वळण, कुठं चढ, कुठल्या गतिरोधकानंतर हॉटेल. घोटावड्याची वाट मोडून नवी झाली, तिथं जमेना, म्हणून ती एकनाथकडं दिली. दिवाळीपासून ती शेजारी बसायची आणि सांगायची, डावीकडं, उजवीकडं, हळू, थांबा. इंग्रजी बोलायचं हे मला दाखवायचं कारण. मंगळवारी मी सांगितलं होतं की घोटावड्याचा पाव पोचला पाहिजे. म्हणून दोन लाल क्रेट तिनं मांडीवर घेतले. वर्षभर ज्या रस्त्यानं तो गेला नाही त्या रस्त्यानं गेले. क्रेटवरून तिला समोरचं नीट दिसेना.

"हात ह्यांचे, डोळे माझे," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा अम्मा, डायव्हर कोण? माझं लिवा."

"तिला लायसन न्हाई," नसीर म्हणाला. "माझं लिव."

मी म्हणाले, ती बाई रस्त्यात पडली होती. तुम्हाला पळायला लाज नाही वाटली? पोलिसांना इतकं भ्यायचं?

 नसीर बोलला. आवाजाच्या अंदाजानं तोंड माझ्याकडं केलं, पण जरा चुकलं.

"पोलिसांना न्हाई भ्यालो. लोक जमले असते. त्यांनी मला बघितलं असतं. तासाभरात तुला कळलं असतं."

"मग? मी काय खाल्लं असतं तुला?"

"अब्बांना काय म्हणायचीस, आठवतंय?"

मला आठवत होतं. शेवटची तीन वर्षं माझ्या नवऱ्याला दिसत नव्हतं. मी त्याला दुकानात बसवलं नाही, मागं बसवला. गिऱ्हाइकांपुढं म्हणायची, घरात एक ओलं लाकूड पडलंय, जळतही नाही आणि धूर तेवढा करतं. लोक हसायचे. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, याचा मला अभिमान होता. तो मागं बसून ऐकायचा. नसीर भट्टीवर उभा राहून ऐकायचा.

"मला तसं नकोय, अम्मा," तो म्हणाला. "बाकी तू म्हणशील ते कबूल."

७

शुक्रवारी सकाळी रईस म्हणाला, अजून वेळ आहे, एकनाथचं लिही, तो तयार आहे.  एकनाथ पत्रे लावत होता. माझ्याकडं बघणं टाळत होता.

चार ओळींना मला पाऊण तास लागला. एकनाथचं नाव लिहिलं असतं तर एक निर्दोष माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिला असता आणि टेम्पो दुसऱ्याच दिवशी पुन्हा तसाच निघाला असता, दोघांत एक जोडी डोळे घेऊन. मी माझ्या मुलाचं नाव लिहिलं. बाजारात म्हणतील, बाईनं पोटचा पोर दिला. त्यांना म्हणायला काहीतरी लागतंच.

चौकीत नसीर आणि जस्मीन आमच्याआधी पोचले होते, बसनं. तो रईसच्या मागं बसून मोटारसायकलवर आला असता, मी तसं सांगितलंही होतं. पण दोघं न सांगता निघाले. तिथून ते दवाखान्यात जाणार होते, सगुणाबाईकडं. तेही मला रईसकडून कळलं.

हवालदारानं माझा कागद वाचला. मग नसीरच्या डोळ्यांपुढून हात फिरवला आणि खुर्चीत मागं टेकला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं विचारलं, कधीपासून? नसीरनं सांगितलं, डावा रमजानपासून.

मग हवालदार माझ्याकडं वळला. म्हणाला, मालकाला माहीत होतं का, हे मला लिहावं लागतं. माहीत असताना तुम्ही गाडी दिली असली तर जबाबदारी तुमच्यावरही येते, त्याच्यावरची जरा हलकी होते. माहीत नसलं तर सगळं त्याच्यावर.

मी क्षणभरही थांबले नाही.

"माहीत व्हतं. माझ्या घरातलं मला माहीत नसंल व्हय? मीच म्हणाले, बायकोला शेजारी बसव आन् जा. पाव चुकता कामा नये."

हवालदारानं पेन टेकवलं. लिहायला सुरुवात केली. मला वाटलं, एवढं तरी मला देता आलं. त्यात किती मुलासाठी होतं आणि किती चारचौघांत माहीत नव्हतं म्हणायला लागू नये म्हणून होतं, ते मी आजही सांगू शकत नाही.

"साहेब, खोडा ते," नसीर म्हणाला.

मी त्याला गप्प म्हणाले. तो गप्प बसला नाही. आवाज चढवला नाही, मान वळवली नाही.

"ती खोटं बोलती. तिला काय बी माहीत नव्हतं. रोज दोन वेळा तिच्या ताटासमोर बसून जेवलो. तिला कळलं न्हाई. तिला कळंल असं वाटलं असतं तर मी स्टेअरिंगवर बसलोच नसतो."

 हवालदारानं माझ्याकडं पाहिलं.  बोलण्यात हार न जाणारी मी, मला एक शब्द सुचला नाही.

त्यानं लिहिलेलं खोडलं. खाली नवीन ओळ लिहिली. म्हणाला, चाची, सहीआधी तुम्हाला वाचून दाखवावं लागतं, तसा नियम आहे. तुमच्यापैकी कुणी वाचेल का?

रईस बाहेर गेला होता. जस्मीननं कागद घेतला. तिनं पहिल्यापासून वाचलं, तारीख, वेळ, रस्ता, तिच्या नवऱ्याचं नाव. शेवटच्या ओळीपाशी आली तेव्हा मला वाटलं, इथं तरी आवाज खाली करील. तिनं केला नाही.

"वाहनमालक ही चालकाची सख्खी आई असून, चालकास दिसत नाही याची तिला कल्पना नव्हती."

मग तिनं कागद माझ्यापुढं ठेवला आणि सही कुठं करायची तिथं बोट टेकवलं.